'क्लीन'चा दिवा लागला की काय करायचं: एलटीओ-६ टेप ड्राइव्ह, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या मंगळवारी सर्व्हिसवाल्याचा पुन्हा फोन आला. "ताई, तोच जुना ड्राइव्ह वापरून राहिल्या का अजून? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका ना, नवा बसवून देतो." गेल्या मे महिन्यात याच माणसाने ड्राइव्हला लॅपटॉपही न जोडता, समोरचा नारिंगी दिवा बघून हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) गेल्याचं सांगितलं होतं आणि दोन लाखांच्या वरचं कोटेशन टेबलावर ठेवलं होतं. तोच हेड आजही लिहितोय. अशा एका कोटेशनपायी चांगला ड्राइव्ह भंगारात गेलेले लोक मला ठाऊक आहेत, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

एलटीओ-६ म्हणजे संगणकावरचं काम टेपवर उतरवून जपून ठेवायचं यंत्र. त्याच्या खोलात, किंवा ते जोडायला एसएएस कार्ड कोणतं लागतं यात, शिरत नाही. एवढंच सांगते की टेपच्या वेष्टनावर छापलेला ६.२५ टीबीचा आकडा आमच्यासारख्यांनी विसरून जायचा. आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यातून आलेलं फुटेज आधीच कॉम्प्रेस झालेलं असतं, ते ड्राइव्हमध्ये आणखी आवळलं जात नाही. २.५ टीबीच धरा.

टेपकडे वळायला कारण झाला तो पूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली, आणि धरमपेठेतल्या आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. खालच्या कपाटातल्या अकरा हार्डडिस्क पाण्यात गेल्या. त्यातल्या चार डिस्कवर असं काम होतं ज्याची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. चार कुटुंबांना समोर बसवून ते सांगावं लागलं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. डिसेंबरमध्ये हा ड्राइव्ह सेकंडहँड घेतला, सोबत वीस टेपा. नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही वाटली नाही. विजेशिवाय शेल्फवर बसून राहणारी, दुसऱ्या गावी नेऊन ठेवता येणारी प्रत, एवढंच मला हवं होतं.

आता दिव्याबद्दल. ड्राइव्हच्या तोंडावर चार दिवे आहेत. एक हिरवा, काम चालू असल्याचा. बाकी तीन नारिंगी: ड्राइव्ह, टेप आणि क्लीन. क्लीनचा दिवा लुकलुकला की ड्राइव्ह सफाई मागतोय, स्थिर लागून राहिला की सफाई चालू आहे. माझी सगळ्यात मोठी तक्रार याच दिव्याशी आहे. एवढ्या किमतीच्या यंत्रात दिवा फक्त 'साफ करा' म्हणतो. घाण हेडवर आहे की घातलेली टेपच खराब आहे, हे तो सांगत नाही. काही कंपन्यांच्या ड्राइव्हवर एका अक्षराचा डिस्प्ले असतो, तिथे इंग्रजी सी दिसतो. त्यानेही कारण कळत नाही. माणूस अंदाज करतो, आणि तो अंदाज महागात पडतो.

माझा अंदाज मुळातच चुकीच्या जागेवरून निघाला होता. लग्नाआधी मी नागपुरातच एका दैनिकाच्या संगणक विभागात होते. तिथे डीडीएस-४ चा ड्राइव्ह होता, २० जीबीच्या छोट्या चार मिलिमीटरवाल्या कॅसेटी. त्यात फिरत्या ड्रमवर हेड असत, आपल्या जुन्या व्हीसीआरसारखे. दर शनिवारी संध्याकाळी क्लीनिंग कॅसेट घालायची आणि तिच्या लेबलवरच्या एका चौकोनावर फुली मारायची, हे माझंच काम होतं. त्या ड्राइव्हला ते लागायचंही. तीच सवय मी इथे आणली. दर सोमवारी एकदा, शिवाय मोठं लग्न टेपवर गेलं की एकदा. दिवा लागलेला नसतानाही. पहिल्या पाच महिन्यांत क्लीनिंग टेपचे २७ वापर झाले.

ही टेप मी चार हजारांना घेतली. पन्नास वापर, म्हणजे एका सफाईला ८० रुपये. प्रत्येक वेळी ती थोडीशी पुढे सरकते आणि नवा कोरा तुकडा हेडवरून जातो, म्हणून वापर मोजलेले. कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये मोजणी राहते आणि पन्नास झाले की ड्राइव्ह ती घेत नाही. म्हणजे २,१६० रुपये मी जिथे काही घाण नव्हती तिथे घासण्यात घातले. पैशांपेक्षा वाईट म्हणजे क्लीनिंग टेपचा पृष्ठभाग मुद्दाम थोडा खरखरीत असतो. गरज नसताना ती चालवली की हेडच झिजतो. एलटीओ ड्राइव्हमध्ये टेप आत-बाहेर जाताना हेडवरून फिरणारा छोटा ब्रश मुळातच बसवलेला असतो. रोजची झाडलोट तो करतो. क्लीनिंग टेप घालायची ती ड्राइव्हने मागितली तरच. हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते पाच महिने उघडलं नव्हतं.

एप्रिलच्या मध्यात दिवा पहिल्यांदा खरोखर लुकलुकला. आमचा मदतनीस पोरगा आतून ओरडला, "ताई, नारिंगी लाइट लागून राहिला!" क्लीनिंग टेप घातली, काही मिनिटांत बाहेर आली, दिवा विझला. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोज. मग एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. तीन आठवड्यांत आठ सफाया झाल्या आणि सर्व्हिसवाल्याला बोलवावं लागलं.

त्याने काय केलं ते वर सांगितलंच. आणखी एक पर्याय त्याने सुचवला: "ड्राइव्ह खोलतो, आयपीए आणि बडने हेड पुसून देतो, दीड हजार द्या." (आयपीए म्हणजे सफाईचं अल्कोहोल, बड म्हणजे कापसाची काडी.) मी जवळजवळ हो म्हटलं होतं, कारण बाबांनी व्हीएचएसच्या काळात हेच केलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. मऊ कातड्याच्या तुकड्याला स्पिरिट लावून ते ड्रम पुसायचे आणि चित्रातल्या रेघा जायच्या. पण एलटीओचा हेड त्या जातीचा नाही. अर्धा इंच रुंदीच्या टेपवर एलटीओ-६ मध्ये २१७६ ट्रॅक असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत दहाएक ट्रॅक सहज बसतात. सोळा ट्रॅक एकाच वेळी लिहिणारे बारीक घटक त्या हेडवर आहेत. तिथे कापसाचा एक तंतू अडकला की सफाई व्हायची ती उलट बिघाड होतो. एलटीओ ड्राइव्ह खोलून हेड पुसून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मी त्याला चहा दिला, भेटीचे पाचशे दिले आणि कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्या रात्री मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं. त्यात लिहिलं होतं: सफाईनंतर मघाचीच टेप पुन्हा घाला. दिवा पुन्हा लुकलुकला तर चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी टेप घाला. त्या टेपवर दिवा लागला नाही तर पहिली टेपच संशयित. एवढं साधं. सर्व्हिसवाल्याने दोन मिनिटं देऊन हे केलं असतं तर निकाल तिथेच लागला असता.

आमच्याकडे कोणती टेप कधी घातली याची वही आहे. ती काढून दिव्याच्या तारखा शेजारी मांडल्या. आठपैकी सहा वेळा आधी घातलेली टेप एकच होती, सात नंबरची. त्या वीस टेपांमध्ये पाच आधी वापरलेल्या होत्या, त्यातली ही एक. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं निदानाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवलं तर सातच्या चिपवर चुकांची नोंद बाकी टेपांच्या कितीतरी पट होती. टेपअलर्टच्या, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांच्या, नोंदीही तिथे वाचता येतात आणि दिवा जे सांगत नाही त्यातलं बरंच त्या सांगतात. क्रमांक २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे ठरावीक सफाईची वेळ झाली, २२ म्हणजे क्लीनिंग टेपच संपली. माझ्याकडे रांगेने २० होते.

कार्ट्रिजच्या कोपऱ्यावरचं छोटं दार बोटाने सरकवून आत बघितलं, टेपला हात न लावता. खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा दिसलं: टेपची खालची कड एका ठिकाणी पापडासारखी नागमोडी झाली होती आणि दाराच्या आतल्या बाजूला तपकिरी भुकटीची बारीक रेघ होती. ही भुकटी हेडवर बसत होती आणि मग पुढच्या चांगल्या टेपवर जात होती. सातवर जे होतं ते आधी डिस्कवर उतरवलं, नव्या टेपवर लिहिलं, आणि सातवर लाल पेनाने काट मारून ती बाहेर काढली. आधी डेटा, मग टेप फेकायची. उलट क्रमाने करू नका.

इथवरचा अनुभव मे महिन्यातच लिहिला असता तर सगळा दोष सेकंडहँड टेपेवर टाकून मोकळी झाले असते. पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दिवा परत लागला, आणि या वेळी आत कोरी, नवी घेतलेली टेप होती.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि प्रत्येक घरात, दुकानात खिडकीला कूलर लागतो. आमच्या स्टुडिओतही वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्यांचा मोठा कूलर आहे आणि ड्राइव्हचं टेबल त्याच्या झोतात होतं. ड्राइव्ह गरम होऊ नये म्हणून मीच तिथे ठेवलं होतं. त्या दिवशी ड्राइव्ह बंद करून टॉर्च लावला. समोरच्या फटीच्या कडांना आणि मागच्या पंख्याच्या जाळीला करड्या लोकरीसारखा थर बसला होता, दमट, बोटाला चिकटणारा. त्यात वुडवूलचे सोनेरी तंतू स्पष्ट दिसत होते. ड्राइव्हचा पंखा हवा आतून ओढतो, म्हणजे कूलर जे फेकत होता तेच हेडजवळून जात होतं.

मग चारशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा मीटर आणला आणि दोन दिवस टेबलावर ठेवला. दुपारी तीनला, कूलर बंद आणि खिडकी उघडी: १७ टक्के. कूलर चालू करून अर्धा तास: ८४ टक्के. या ड्राइव्हची मर्यादा २० ते ८० टक्के आहे. म्हणजे आमच्या गावाचा उन्हाळा त्याला सोसवत नाही आणि त्या उन्हाळ्यावरचा आमचा इलाजही सोसवत नाही. फार कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होते आणि धूळ टेपला ओढली जाते. फार दमट हवेत टेप हेडवर जास्त घासते आणि घाण चिकटून बसते. पूर्ण २.५ टीबी लिहायला टेप हेडवरून एकशे छत्तीस वेळा जाते. ८४६ मीटर लांबीने गुणलं तर ११५ किलोमीटर होतात, नागपूरहून निघून साधारण पुलगावापर्यंत. एवढा प्रवास ती टेप त्या ओल्या लोकरीतून करत होती.

मागच्या बाजूला अल्बम ठेवायची सहा बाय आठची खोली होती. ती रिकामी करून एक टनाचा जुना एसी बसवला. दहा हजारांत काम झालं. ड्राइव्ह आणि टेपा तिकडे, दार बंद, मीटर भिंतीवर. तापमान २५, आर्द्रता ४५ ते ५० च्या आसपास. पावसाळ्यात बाहेरची हवा ओली चिंब असते तेव्हाही एसी लावते. वीजबिल वाढलं, त्याचा त्रास होतो, पण ड्राइव्ह चालणार असेल तेव्हाच तासभर आधी लावते आणि टेपांचं कपाट नीट बंद राहील एवढं बघते. बाहेरची धूळ ड्राइव्ह बंद करून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढते. ब्लोअर किंवा हवेचा डबा फटीत कधीही मारू नका, धूळ बाहेर येण्याऐवजी थेट हेडपर्यंत जाते.

हे जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिन्यांत, क्लीनचा दिवा एकदाच लुकलुकला. नवतपातली एक आणि ही एक, अशा दोनच सफाया.

आणखी एक गोष्ट, जी मला आवाजावरून कळली. चांगलं चालताना ड्राइव्हचा आवाज सलग, एकसुरी असतो. आमचा पोरगा फोटोंच्या हजारो छोट्या फाइली जुन्या यूएसबी डिस्कवरून थेट टेपवर पाठवायचा तेव्हा वेगळाच आवाज यायचा: घर्रर्र, थांबा, मागे, पुन्हा घर्रर्र. डेटा हळू आला की टेप थांबते, मागे जाते, वेग पकडून पुन्हा पुढे येते, बुटाला पॉलिश करणाऱ्याच्या ब्रशसारखी. ड्राइव्ह आपला वेग थोडाफार कमी करून घेतो, पण त्यालाही तळ आहे. या पुढे-मागे करण्यात टेपही झिजते आणि हेडही. आता सगळं काम आधी एसएसडीवर गोळा करायचं, फोटोंची एक मोठी टार फाइल (सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा) बांधायची आणि मगच टेप लावायची. भरलेली टेप साडेचार-पाच तासांत होते आणि आवाज एकदाही तुटत नाही.

दुसरी प्रत अमरावतीला, माझ्या माहेरी राहते. टेप नेताना थर्माकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, आणि स्कूटरच्या डिकीत कधीच नाही. वाहतुकीत टेपला ४९ अंशांपर्यंतच चालतं आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी ते सहज ओलांडते. परत आणलेली टेप चोवीस तास खोलीत नुसती ठेवायची, मग ड्राइव्हमध्ये. हातातून पडलेली टेप सरळ घालायची नाही. आधी दार सरकवून आतली धातूची पिन जागेवर आहे का बघायचं. ती हलली असेल तर ड्राइव्हला टेप पकडता येत नाही आणि आत गुंता होतो.

इतकं सगळं सांभाळण्यासारखं आहे का, असं नवऱ्याने मला विचारलं होतं. नोव्हेंबरमध्ये गोंदियाच्या एका मुलीचा फोन आला. फेब्रुवारीत तिचं लग्न आम्ही केलं होतं. आम्ही दिलेली डिस्क तिच्या सासरी पडून बंद झाली होती आणि मधल्या काळात तिची आजी गेली होती. आजी हळदीला गाणं म्हणते तो भाग तिला हवा होता. वही उघडली, टेप अकरा, घातली. तासाभरात ३१० जीबी उतरलं, एकही चूक नाही. हळदीचा तो सात मिनिटांचा तुकडा मी लावून पूर्ण पाहिला, आवाज स्वच्छ होता, आणि मग तिला फोन केला. वर्षभरापूर्वी चार कुटुंबांना जे सांगावं लागलं होतं ते तिला सांगावं लागलं नाही. पैसे घेतले नाहीत.

पाचपैकी चार देते. एक गुण त्या दिव्याचा कापते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी विकणाऱ्याकडून निदानाच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट मागा, ड्राइव्ह किती चालला आणि चुका किती हे त्यात दिसतं. देत नसेल तर घेऊ नका. वापरलेल्या टेपा स्वस्त मिळाल्या तरी नको. माझ्या उरलेल्या चार जुन्या टेपांवरचं काम मी दिवाळीआधीच नव्या टेपांवर हलवलं. पुढचा ड्राइव्ह घेईन तो एलटीओ-७, कारण तो माझ्या सहाच्या टेपा वाचतोही आणि त्यांवर लिहितोही. एलटीओ-८ नवा असला तरी सहाच्या टेपा वाचत नाही. सर्व्हिसवाल्याच्या कोटेशनमध्ये आठच होता.

मंगळवारी त्याला मी सांगितलं, एक्स्चेंज नको. क्लीनिंग टेपचे तेरा वापर शिल्लक आहेत, तेव्हा तीच एक नवी असेल तर द्या. म्हणाला, स्टॉकमध्ये नाही, मुंबईहून येईल, आठ दिवस लागतील. मागवा म्हटलं.